शून्य उंचीची मांजर

"विमानात मी बसणार नाही," असं सासूबाईंनी फोनवर निक्षून सांगितलं तेव्हा ती बाळाचे लंगोट वाळत घालत होती, आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याच दोरीवर आपली अब्रू टांगली जाणार आहे याची तिला काडीइतकीही कल्पना नव्हती.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. रस्त्यानं यायचं तर दोन दिवस लागतात आणि गुडघे पहिल्याच दिवशी संपावर जातात. विमानानं दोन तास, पण ज्या वाहनातून मनात आलं की उतरता येत नाही त्यात त्या पाय ठेवत नाहीत. "आणि वरून बघायचं काय गं? सगळं सारखंच. कुठे चाललोय ते माणसाला कळायला नको?" नातू पाच महिन्यांचा झाला होता, आणि आजीनं त्याला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. तेही बहुतेक वेळा भुवयांच्या वरचा भागच, कारण फोन मुंगी धरायची.

मुंगी म्हणजे थोरली. वय वर्षं सात. फरशीच्या फटीवरून, फुटपाथच्या कडेवरून, जिथे म्हणून रेघ असेल तिथे तिच्यावरूनच चालायची, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. तर या मुंगीनं फोन आपल्या तोंडासमोर घेतला आणि म्हणाली, "आजी, मी तुला वरून दिसेल एवढी मोठी मांजर काढते. ती दिसली की समजायचं, आमचं घर आलं."

"केवढी काढशील?"

"मैदानाएवढी."

"तुला येईल?"

"आई काढेल. आईचं कामच आहे ते."

पलीकडे शांतता पसरली. तीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या बाईची शांतता होती ती. अशा शांततेत पोरींच्या हातातल्या सुया थांबायच्या म्हणे. मग सासूबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझ्या आईला जमेल?"

लंगोटाला लावायचा चिमटा तिच्या हातात तसाच राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत 'जमेल?' हा शब्द तिनं पडद्यांच्या बाबतीत ऐकला होता, पाहुण्यांच्या बाबतीत ऐकला होता, आणि एकदा चक्क झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालण्याच्या बाबतीत ऐकला होता. पण भूमापन खात्यात अकरा वर्षं नकाशे काढलेल्या बाईला रेघ मारायला जमेल का असं विचारणं म्हणजे जरा जास्तच झालं.

"जमेल म्हणावं," ती दोरीपासूनच म्हणाली.

"दिसणार असेल तर येते मग," सासूबाई म्हणाल्या. "पण मांजर मांजरीसारखी हवी. नाहीतर उतरल्या पावली परत."

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. आईचा होकार म्हणजे उघडलेली सिरपची बाटली, लवकर वापरलेली बरी, हे तो ओळखून होता. त्यानं दुपारच्या आत तिसऱ्या रविवारचं तिकीट काढून टाकलं.

हे मांजरीचं खूळ आलं होतं शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकातून. दूरच्या कुठल्याशा वाळवंटात हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी जमिनीवर चित्रं काढून ठेवली होती. माकड, कोळी, पक्षी. एकेक एवढं मोठं, की जवळ उभं राहिलं तर नुसती वाट वाटावी आणि विमानातून पाहिलं तरच चित्र दिसावं. विमान तर तेव्हा नव्हतं. मग ती कशी काढली, का काढली, कुणासाठी काढली, हे पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मुंगीला 'कुणासाठी' हा प्रश्न पडलाच नव्हता. कुणाची तरी आजी येणार असेल.

जागेचाही प्रश्न नव्हता. कॉलनीच्या मागे पाणीपुरवठा खात्याचं मैदान होतं. कोपऱ्यात उंच टाकी, बाकी सगळी काळी बारीक खडी, आणि त्यावरून दर अर्ध्या तासानं उतरणारी विमानं, इतकी खाली, की चाकांची नक्षी मोजावी. मुंगीनं आलेखाच्या कागदावर मांजर काढून दिली, पुस्तकातल्यासारखी, एकाच रेघेत, पेन्सिल न उचलता. नाकापासून निघालेली रेघ कान, पाठ, शेपूट, पाय करत पुन्हा नाकाशी येत होती. आईनं पाय मोजले.

"मुंगे, पाच झालेत."

"हो."

"पाचवा कशाला?"

"जास्तीचा."

कागदावरचा एक चौकोन म्हणजे मैदानावरचे चार मीटर. अकरा वर्षं ती मैलभर जमीन हातभर कागदावर आणत होती. आता हातभर कागद जमिनीवर न्यायचा होता. हिशेब तोच, फक्त उलट्या दिशेनं. बाळाच्या दोन झोपांमधल्या वेळात उरकण्यासारखं काम आहे, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा. माणसानं अशी वाक्यं मनात म्हणावीत, निदान भिंतींना ऐकू जात नाहीत.

भिंतींनी ऐकलं आणि संध्याकाळी वायरलेसवाले काका हजर झाले. काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. उभा जन्म जहाजावर वायरलेस सांभाळण्यात गेलेला, त्यामुळे दूरवरून कुणीतरी संदेश पाठवतंय अशी त्यांची कायमची समजूत. ती वाळवंटातली चित्रं परग्रहावरच्या लोकांनी वरून सूचना देऊन काढून घेतली, असं त्यांचं ठाम मत होतं आणि या विषयावर त्यांनी लायब्ररीत एकदा व्याख्यानही दिलं होतं. श्रोते चार होते. त्यातले दोन पाऊस थांबायची वाट बघत होते.

"वरून कुणी सांगितल्याशिवाय ते होत नाही," काका म्हणाले. "तुझ्याकडे वर कोण आहे?"

"वर तुम्हीच आहात काका. तिसऱ्या मजल्यावर."

काकांना ते पटलं. दुर्बीण आणि शिट्टी घेऊन आपण गच्चीवर उभे राहू, असं त्यांनी जाहीर केलं. ड्रोन उडवता आला असता, पण विमानतळाच्या इतक्या जवळ त्याला बंदी होती, आणि काकांना तर कुठलीच बंदी नव्हती. शेजारच्या वहिनींचं म्हणणं पडलं की मांजर कशाला, मोर काढा, मोर कसा भरगच्च दिसतो. आणि मांजरच काढायची असेल तर निदान तो पाचवा पाय पुसा, वरून लोक काय म्हणतील.

"वरून कोण म्हणणार आहे वहिनी?"

"म्हणतात गं. लोक कुठूनही म्हणतात."

मैदानाची परवानगी पाणीपुरवठा खात्याकडून घ्यायची होती. बाळाला पोटाशी बांधून ती खिडकीशी उभी राहिली. आतल्या कारकुनानं चष्मा कपाळावर ठेवला होता आणि तो टेबलावर शोधत होता. अर्जात 'मैदान कशासाठी हवे' यापुढे सभा, सामने, मंडप आणि इतर असे चार रकाने होते. तिनं 'इतर'पुढे 'मांजर' लिहिलं.

"पाळीव?" कारकुनानं विचारलं.

"चित्र आहे. जमिनीवर."

"चित्र म्हणजे भिंत लागेल."

"भिंत नाही. जमिनीवर आडवं. फक्कीनं काढायचं, खेळाच्या मैदानावर मारतात तसं."

त्यानं पान उलटलं. "उंची?"

"शून्य."

"शून्य घालता येत नाही. मैदानावर उभं करायच्या वस्तूला उंची लागते."

"पण ती उभी नाहीच आहे ना."

"मग बसलेली लिहा, पण उंची लिहा."

खात्यात नोकरी असल्यामुळे खात्याशी वाद घालू नये एवढी अक्कल तिला होती. तिनं 'अर्धा इंच' लिहिलं. फक्कीचा थर तेवढा बसेल असा तिचा अंदाज होता. कारकून खूश झाला. मग त्यानं प्रमाणशीर नकाशा मागितला आणि इथे मात्र तिची मान ताठ झाली. बाजूचे रस्ते, टाकी, उत्तरेचा बाण, प्रमाणपट्टी, आणि मधोमध पाच पायांची मांजर, असा नकाशा तिनं दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. कारकुनानं तो बराच वेळ पाहिला. "पाचवा पाय तात्पुरता आहे का?" एवढं विचारून त्यानं शिक्का मारला.

दुसऱ्या रविवारी कामाला सुरुवात झाली. खुंट्या हव्या होत्या एकशेचाळीस. घरात निघाल्या नऊ. उरलेल्या कॉलनीनं दिल्या, म्हणजे मोडक्या छत्र्यांच्या काड्या, विणकामाच्या सुया, जुन्या झाडूंचे दांडे, आणि दातांच्या डॉक्टरांकडून, कुणीही कारण विचारलं नाही, एक चमचा. मापायला दोरी हवी होती. खात्याची साखळी घरी आणणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तिनं लंगोटाची नायलॉनची दोरी सोडली, दर चार मीटरला गाठ मारली, एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि नाकापासून निघाली. सहा चौकोन पूर्वेला, दोन उत्तरेला, खुंटी. तिथून पुढे तीन पूर्वेला, खुंटी. खात्यात शेताची हद्द मोजतात तशीच. एका बिंदूवरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, असं सगळ्या बाजूंनी फिरून निघालो त्याच ठिकाणी परत यायचं.

नवऱ्याला 'दोरी धर' असं सांगितलं होतं. पण बायको हौसेनं काही करतेय आणि आई येणार आहे, या दुहेरी भावनेनं तो ती नुसती धरत नव्हता, ओढत होता. सकाळी ताज्या दमानं जास्त ओढली, चहानंतर कमी, काकांनी गच्चीवरून शिट्टी मारली की दचकून एकदम.

"काका, शिट्टी कशासाठी मारता?"

"सूचना आहे."

"काय सूचना?"

"ते अजून ठरवलं नाही."

दुपारी दोनच्या सुमाराला ती पोटाच्या वळणावरून मानेशी आली, मानेवरून हनुवटीशी, आणि कागदाप्रमाणे शेवटचे दोन चौकोन मोजून उभी राहिली तर समोर नाक नव्हतं. नाक अकरा पावलांवर होतं. मांजरीची हनुवटी नाकाकडे न जाता टाकीच्या दिशेनं निघाली होती.

बाळ उठलं होतं आणि वहिनींच्या कडेवर रडत होतं. नवरा दोरीचं टोक धरून निष्ठेनं उभा होता. तिनं दोरीकडे पाहिलं. नायलॉन. ताणेल तेवढं ताणणारं. मापायची पट्टी सारख्या जोरानं ओढायची, हा तिच्या नोकरीतला पहिल्या दिवशीचा धडा, आणि तोच ती लंगोटाच्या दोरीपुढे विसरली होती. तिला वाटलं, हे ऑफिसात कळलं तर पुढच्या बढतीत आपल्याला गेटवर बसवतील.

"मी म्हणालो होतो," काका गच्चीवरून ओरडले, "वरून कुणी सांगितल्याशिवाय..."

"पुसून पुन्हा काढायची का?" नवऱ्यानं विचारलं.

पुन्हा काढायला मधे आणखी रविवार उरला नव्हता. तिनं मातीत बसकण मारली, आणि मग जे ऑफिसात नेहमी करतात ते केलं. हद्द मोजताना शेवट सुरुवातीला थोडाफार चुकतोच. तेव्हा शेवटची रेघ तेवढी वाकवून जुळवायची नसते, नाहीतर एका शेजाऱ्याचं नुकसान होतं आणि तो कोर्टात जातो. चूक सगळ्या बाजूंत थोडी थोडी वाटून टाकायची. तिनं अकरा पावलं एकशेचाळीस खुंट्यांत वाटली. प्रत्येक खुंटी थोडीशी सरकली, कुणी वीतभर, शेवटाकडच्या जास्त. मांजर अंगानं किंचित भरली. संध्याकाळी रेघ नाकाशी येऊन टेकली आणि तिच्यावर फक्की पडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीवर काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"कशी दिसतेय काका?"

"गांडुळासारखी," काका प्रांजळपणे म्हणाले.

तिरकं पाहिल्यावर दुसरं काय दिसणार, हे तिला कळत होतं. तरी त्या रात्री जेवताना तिनं दोनदा तो कागद काढून पाहिला.

बुधवारी टाकी भरून वाहिली. खात्यातल्या कुणीतरी झडप उघडी ठेवून चहाला गेलं होतं. मैदानावर घोटाभर पाणी आलं आणि फक्की जशी आली होती तशी गेली, आधी शेपूट, मग पाय, पाचव्यासह. खुंट्या तेवढ्या आपापल्या जागी उभ्या, आणि मधे पांढरट चिखल. विमान रविवारी सकाळी पावणेअकराला उतरणार होतं. सासूबाईंनी आपली पाळलेली मांजर शेजाऱ्यांकडे ठेवून दिली होती, बॅग भरली होती, आणि फोनवर रोज एकच विचारत होत्या. आजही विचारलं.

"झालं का गं?"

ती बाळाला थोपटत होती. 'आई, नाही जमलं' हे तीन शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसले होते. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "नाही, म्हणजे, ते दिसेल ना, एवढंच. मग मी डोळे उघडे ठेवीन. नाहीतर मिटूनच बसते दोन तास."

शिवणक्लासच्या त्या आवाजात भीती तिनं नऊ वर्षांत कधी ऐकली नव्हती.

"दिसेल, आई," ती म्हणाली. "खिडकीजवळ बसा."

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. खाली मुंगी एकटीच ओल्या मैदानावर, खुंटीवरून खुंटीकडे, नसलेल्या रेघेवरून चालत होती आणि पायानं खडी उडवत होती. वर आली ती चिखलात माखून.

"आई, त्या लोकांनी वर काही टाकलंच नव्हतं. पुस्तकात आहे. त्यांनी काढून टाकलं होतं. वरचे काळे दगड बाजूला केले की खालून पांढरी जमीन येते. ती वाहून जातच नाही."

तिनं खिडकीतून खाली मैदानाकडे पाहिलं. जिथून पोर चालत गेली होती तिथे काळ्या खडीतून पिवळट मुरमाची एक बारीक वाट उघडी पडली होती.

फक्कीची परवानगी होती, खडी हलवायची नव्हती. गुरुवारी ती पुन्हा खिडकीशी. कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आता उंची नाही," तो म्हणाला. "आता खोली आली. खोली म्हणजे खोदकाम. तो विभाग वेगळा. तिथले साहेब सोमवारी येतात."

"खोदायचं नाही हो. झाडूनं खडी फक्त बाजूला सारायची."

"झाडूनं?"

"झाडूनं."

त्यानं चष्मा पुन्हा कपाळावर नेला. मागच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, धूळ फुंकली, ती बाळाच्या नाकात गेली, बाळ शिंकलं. कारकुनानं बोट पानावरून खाली आणलं.

"झाडू असेल तर ती साफसफाई. साफसफाईला परवानगी लागत नाही, बाई. उलट नागरिकांनी स्वतःहून केली तर खात्यानं आभारपत्र द्यायचं आहे." त्यानं पुस्तक मिटलं. "बावीस वर्षांत एकदाही द्यावं लागलेलं नाही."

असा तो मार्ग निघाला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, पाच वाजले की कॉलनी झाडू घेऊन मैदानावर उतरायची. रेघेची रुंदी दोन झाडू. वहिनींकडे शेपूट होतं, दातांचे डॉक्टर आपल्या चमच्यापासून कानापर्यंत, नवऱ्याला दोरीपासून लांब ठेवून पोट दिलं होतं. शुक्रवारी कारकूनही आला, ऑफिसच्या झाडूसह, पाहणी करायला म्हणून, आणि पाहणी करता करता त्यानं डावा मागचा पाय पूर्ण केला. पाचवा पाय मुंगीनं एकटीनं झाडला. काका गच्चीवर होते. शनिवारी मात्र त्यांना राहवलं नाही. दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून ते मिश्या झाडायला खाली आले.

मांजर पूर्ण झाली, पण ती मांजर आहे हे सांगणारं कुणीच नव्हतं. खाली उभं राहिलं तर नुसती वाट, गच्चीवरून गांडूळ. बाळाला खांद्यावर घेऊन ती नाकाशी उभी राहिली. आपले आकडे आणि खुंट्या एवढ्याच भरवशावर आपण एका घाबरलेल्या बाईला आकाशात बसवतोय, हे तेव्हा तिला पहिल्यांदा नीट जाणवलं.

"मुंगे, मांजरीसारखी झाली असेल का गं?"

"थांब, बघून येते," मुंगी म्हणाली आणि रेघेवरून चालत सुटली. डोळे अर्धे मिटलेले, हात पसरलेले. कानाशी वर, मग पाठीची लांब उतरंड, शेपटीचं वळण, पाय, पाय, पाय. बऱ्याच वेळानं ती दमून नाकाशी परत आली.

"झालीय. पायांना कळतं."

त्या वाळवंटातल्या लोकांनीही हेच केलं असेल काय, असा विचार आईच्या मनात आला. तो तिनं काकांना सांगितला नाही. त्यांचं दुसरं व्याख्यान महिन्यावर आलं होतं.

रविवारी सकाळी ती उठली, खिडकी उघडली आणि जागच्या जागी थिजली. दोरी पुन्हा जागेवर आली होती आणि तीन आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीकडे उडणारे लंगोट आज टाकीच्या दिशेनं उडत होते.

"वारा फिरला," काका वरून म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "विमानं वाऱ्याच्या समोरून उतरतात. आज आपल्या डोक्यावरून नाही येणार. पलीकडून येतील."

नवरा विमानतळावर निघून गेला होता. साडेदहाला कॉलनी मैदानाच्या कडेनं उभी होती. कुणी ओढण्या हलवायला आणल्या होत्या, त्या कुणी हलवत नव्हतं. पावणेअकराला, फार उंच आणि फार दूर, एक चकाकता ठिपका आला, कडेकडेनं गेला, ढगाआड वळला आणि दिसेनासा झाला. वहिनींनी बाळाच्या टोपीची नाडी बांधली, जी बांधलेलीच होती.

"आजीनं डोळे मिटले असतील," मुंगी म्हणाली. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. "तिला वाटेल आपण काढलीच नाही."

ती मुंगीच्या शेजारी खडीवर बसली. पोरीच्या केसांतली खडी काढत राहिली. उतरल्या पावली परत, हे सासूबाईंचे शब्द होते. आणि सासूबाई शब्दाच्या पक्क्या, हे तर जगजाहीर.

साडेबाराला टॅक्सी आली. आधी काठी उतरली, मग एक गुडघा, मग दुसरा, मग सासूबाई. सगळी कॉलनी फाटकाशी होती. सासूबाईंनी हात पुढे केले, बाळ घेतलं, त्याला भुवयांपासून खाली नीट पाहून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मुंगीकडे वळल्या.

"पाचवा पाय कशाला गं?"

मुंगी बघतच राहिली. पाचव्या पायाबद्दल आजीला कुणीच सांगितलं नव्हतं.

"जास्तीचा," ती पुटपुटली. "तू दमलीस तर."

"बरं केलंस." सासूबाई ओट्यावर टेकल्या. "अहो, उतरायला आलो आणि सांगितलं, वारा फिरलाय, एक मोठा फेरा घेऊन पलीकडून उतरायचंय. आणि विमान हे असं तिरकं. मी म्हटलं, संपलं. डोळे गच्च मिटले. तर शेजारचा माणूस म्हणतो, आजी, खाली बघा, मांजर. उघडले डोळे. अख्खी मांजर! कानापासून शेपटीपर्यंत, खिडकीत मावेल अशी. समोरून सरळ आलो असतो तर नुसती एक मिशी दिसून गेली असती. पलीकडच्या रांगेतले सगळे उठून माझ्या अंगावर. ती विमानातली हवाईसुंदरी पोरगी बसा बसा करत होती आणि स्वतःच वाकून बघत होती. एकजण म्हणाला, कसलीतरी जाहिरात असेल. मी म्हटलं, जाहिरात नाही हो, माझ्या सुनेनं काढलीय. मला घर सापडावं म्हणून."

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. 'माझ्या सुनेनं' हे शब्द विमानभर माणसांसमोर म्हटले गेले होते.

"पोटाला मात्र सैल आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"आमची एवढी भरलेली नाही. माप चुकलं होतं?"

"अकरा पावलं. दोरी ताणली गेली."

नवरा टॅक्सीतून बॅग काढण्यात एकाएकी फार गुंतला.

"आणि तो फरक तू एका जागी नाही काढलास. सगळीकडे वाटलास." सासूबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण हे पाहणं वेगळं होतं. "तेच म्हटलं, सैल आहे, पण झोळ कुठे नाही. मीही तसंच करते. एकाच शिवणीत ओढलं की कपडा आयुष्यभर तोंड वाकडं करून बसतो. तीस वर्षं पोरींना सांगून दमले. तुला कुणी शिकवलं?"

"ऑफिसात."

"चांगलं ऑफिस आहे," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी पाणीपुरवठा खात्याचं पत्र आलं. 'मैदानाचा काही भाग, मांजरीच्या आकारात, स्वयंस्फूर्तीने स्वच्छ केल्याबद्दल' खातं आभारी होतं. कारकुनानं स्वतः आणून दिलं आणि सासूबाईंना डावा मागचा पाय कोणता ते दाखवलं. काकांनी व्याख्यान रद्द केलं नाही, विषय तेवढा बदलला. आता त्यांचं मत होतं की परग्रहावरच्या लोकांना खाली येण्याची गरजच पडली नसावी. श्रोते सव्वीस होते आणि पाऊस नव्हता.

सासूबाई दोन महिने राहिल्या. रोज संध्याकाळी काठी टेकत, मुंगीचं बोट धरून, रेघेवरून थोडं थोडं चालायच्या. पहिल्या आठवड्यात कानापर्यंत, मग पाठीपर्यंत. जायच्या आधीच्या रविवारी नाकापासून नाकापर्यंत पूर्ण फेरी झाली. पाचव्या पायावर बसून त्यांनी एकदा विसावा घेतला तेवढाच.

परतीचं तिकीट नवऱ्यानं काढायला घेतलं तेव्हा त्या बाळाला झबलं घालत होत्या.

"खिडकीची जागा घे रे," त्या म्हणाल्या, आणि मग सुनेकडे वळून, जसं काही भाजी संपलीय सांगावं तसं, "आणि ती फार एकटी दिसते गं वरून. जायच्या आत तिच्यासमोर एक उंदीर होईल का बघ."

तिनं खण उघडून आलेखाचा कागद काढला.

"होईल, आई," ती म्हणाली. "पण या वेळी दोरी तुम्ही धरा."